होऊ घातलेल्या राजाची करंगळी

१

डान्सोची किंकाळी ऐकू आली तेव्हा राजवाड्याच्या मागच्या अंगणात बायका दुपारच्या जेवणासाठी उकडलेले कंद कांडून फुफू करत होत्या. चारही मुसळं वरच्या वर थांबली. अबोरासोत गेले चाळीस दिवस कुणी मोठ्याने हसलंसुद्धा नव्हतं, मग ओरडायचं तर लांबच. म्हातारे नाना ओसाफो 'गावी' गेले होते. राजा मेला असं तिथे म्हणत नाहीत, आणि जो म्हणेल त्याचं काही खरं नाही. राजा गावी जातो आणि त्याच्या बहिणीचा मुलगा त्याच्या जागी बसतो. डान्सो उद्या बसायचा होता.

नांत्वी काठी सावरत, धापा टाकत पोचला. सत्तरीचा हा म्हातारा म्हणजे राजाचं तोंड. राजाने कानात पुटपुटायचं आणि नांत्वीने ते घोळवून, गोड करून सभेला ऐकवायचं, असं त्याच्या घरात तीन पिढ्या चालत आलेलं. त्याच्या काठीच्या टोकाला सोन्याच्या पत्र्याने मढवलेला पक्षी होता. सगळे त्याला मानाने 'ओक्यामे' म्हणत.

डान्सो दाराशी गुडघ्यांवर बसला होता. डाव्या हाताला अंगावरचं पांढरं वस्त्र गुंडाळलेलं, आणि ते भराभर लाल होत चाललेलं. नांत्वीने वस्त्र उलगडलं. करंगळीचं पुढलं पेर नव्हतं.

जखम काही जिवावरची नव्हती. शेतात असली जखम झालेला माणूस पाला बांधून पुन्हा कामाला लागतो. पण राजा निवडताना त्याचं अंग धडधाकट असावं लागतं. कान फाटलेला चालत नाही, बोट तुटलेला तर नाहीच नाही. उद्याचं बसणं आता होणार नाही, हे जमलेल्या प्रत्येकाला कळलं.

एवढ्यात राजमाता अन्टविवा, म्हणजे नानांची मावसबहीण, आली. राजा कोण व्हायचा हे तीच ठरवते, आणि डान्सोला तिनेच निवडलं होतं. तिने बोटाकडे एकदा पाहिलं आणि तिचा तोल गेला.

"नाना गावी गेले त्या दिवसाची शपथ!" ती गरजली. "डान्सोचा हा जो कोण वैरी आहे, त्याचं डोकं आज सूर्य मावळायच्या आत पडेल!"

याहून मोठी शपथ अबोरासोत नाही. बायकांनी तोंडावर हात ठेवले.

आतून पहारेकरी ताविया बाहेर आला. त्याच्या हातात रक्ताळलेली सुरी होती. मूठ हरणाच्या शिंगाची, तिला तांब्याची तार गुंडाळलेली. ती मूठ राजमातेने स्वतः बसून करवून घेतली होती, तिच्या थोरल्या लेकासाठी, बाफोसाठी.

२

"ओक्यामे," अन्टविवा एकांतात म्हणाली, "शपथ तोंडातून गेली. परत गिळता येत नाही."

"ठाऊक आहे, राजमाता."

"सगळं गाव म्हणत होतं, स्वतःच्या लेकाला डावलून भाच्याला बसवते, काय बाई आहे ही! बाफो तापट, म्हणून डावलला. आता त्याने हे केलं असेल तर मला सांगा, त्याने केलं. मी डोळे मिटून घेईन. आणि नसेल केलं, तर..."

नांत्वीने आधी तावियाला गाठलं. ताविया धिप्पाड, पण राजमातेची शपथ ऐकल्यापासून तो भिंतीशी अंग चोरून उभा होता.

"सकाळपासून आत कोण गेलं?"

"पोकुवा म्हातारी अंघोळीचं पाणी घेऊन गेली, ओक्यामे. मग बाफो आला. आत दोघांचं हसणं ऐकलं मी. बाफो गेला, आणि मग कालवणाचा मसाला वाटावा इतक्या वेळाने किंकाळी."

"आणि तू दारातच होतास?"

तावियाने जमिनीकडे पाहिलं. "उकडलेल्या कंदाचा वास आला, ओक्यामे. दोन घास खायला कोपऱ्यापर्यंत गेलो होतो. पण दार दिसत होतं!"

"दार दिसत होतं. मागची भिंत?"

"ती नाही दिसत." तावियाने मागे बोट दाखवलं. "मागची भिंत कमरेएवढी तर आहे. कुणी आला असेल तर तिकडूनच."

"आत गेल्यावर कशाला हात लावलास?"

"फक्त सुरीला. होणाऱ्या राजाच्या वस्तूंना मी कशाला शिवतो? माझी काय दोन डोकी आहेत?"

पोकुवाने मुसळ बाजूला ठेवलं आणि न विचारताच सुरुवात केली. "मला धरू नका बाई. माझ्या हातून कोंबडी कापली जात नाही आताशा. पण एक सांगते ओक्यामे, चार दिवस झाले, पोरगं जेवत नाही. शेंगदाण्याचं कालवण म्हणजे त्याचा जीव की प्राण. भांडं जसंच्या तसं परत येतं. राज्य मिळायचंय म्हणून कुणी उपाशी राहतं का हो?"

"चार दिवस?" नांत्वीने विचारलं.

"तुम्ही त्याला पूर्वजांची नावं शिकवायला आलात ना, त्या दुपारपासून."

नांत्वीने विषय बदलला आणि तिथून निघाला.

बाफोला अंगणातल्या ओंडक्याला साखळीने जखडलं होतं. नांत्वीला पाहताच तो खदखदा हसला.

"या, ओक्यामे! माझ्या आईची शपथ गोड करून ऐकवायला आलात? डोकं कापणार म्हणू नका हं. म्हणा, बाफोचं मानेवरचं ओझं उतरवणार."

"सुरी तुझी आहे."

"माझीच. डान्सोने मागितली. म्हणाला, उद्या आसनावर बसायचं आणि नखं ही एवढी, इथे मला कुणी पातं देत नाही. मी म्हटलं, घे बाबा, राजाची नखं काढायचा मान माझ्या सुरीला." हसू एकदम मावळलं. "मी त्याला मिठी मारून निघालो, ओक्यामे. राज्य मला हवं होतं, खोटं कशाला बोलू? पण लहानपणी आम्ही दोघे एका ताटात जेवलोय. त्याला विचारा ना! तो का गप्प आहे?"

हाच प्रश्न नांत्वीलाही पडला होता. आणि उत्तर ऐकायची त्याला भीती वाटू लागली होती.

३

डान्सोच्या शेजारी त्याची आई बसली होती. अच्या पन्नाशीची, ताठ कण्याची, आणि सगळ्या गावाला पुरून उरेल अशा आवाजाची. लेकाच्या तोंडाशी ती कालवणाचा घास नेत होती आणि तो मान फिरवत होता.

"बघा ओक्यामे, काय करून ठेवलं माझ्या बाळाचं! बाफोचं डोकं पडेल तेव्हाच मी पाणी पिईन. सापोमाच्या पोटची आहे मी. नाना ओसाफोंची सख्खी बहीण! माझ्या लेकावर हात टाकायची हिंमत होते कशी?"

'सापोमाच्या पोटची' हे शब्द ऐकताच डान्सोने डोळे मिटून घेतले. अच्याला वाटलं, जखम ठणकली. नांत्वीला तसं वाटलं नाही.

"काय झालं ते सांग, बेटा."

"अंघोळ झाली. माझ्या आसनावर बसलो होतो, डोळा लागला." डान्सो पाठ केल्यासारखा बोलत होता. "मागून कुणीतरी तोंड दाबलं. हात खाली ओढला आणि कापलं. मी तसाच उठलो आणि ओरडत दाराकडे पळालो. तोंड दिसलं नाही."

"तू बसलेला असतानाच?"

"बसलेला असतानाच."

"बाफो होता का?"

डान्सो इतकंच म्हणाला, "दिसला नाही, म्हटलं ना."

नांत्वीने खोलीभर नजर फिरवली. सारवलेली तांबडी जमीन, लाकडी पलंग, भिंतीला टेकवलेलं डान्सोचं नक्षीचं आसन, पाण्याचं मडकं. सगळं जागच्या जागी. डोळ्यांना काहीच खटकलं नाही, आणि तरी मनात काहीतरी खटकत राहिलं.

बाहेर आल्यावर तो झाडाखाली थोडा वेळ उभा राहिला. मनातली खरी टोचणी दुसरीच होती. पन्नास वर्षांपूर्वी बापाबरोबर तो उत्तरेकडच्या बाजारात गेला होता. सापोमाला एकच मुलगा, नाना ओसाफो, आणि मुलीशिवाय तर वंश पुढे जात नाही. परत येताना त्यांच्याबरोबर दोन-अडीच वर्षांची एक मुलगी होती, कोलाफळांच्या बदल्यात घेतलेली. सापोमाने ती मांडीवर घेतली. बाप गेला, सापोमा गेली, आणि ते जाणणारा जगात एकटा नांत्वी राहिला. अच्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं.

अबोरासोच्या पहिल्या राजाने कायदाच केला होता की कुणी कुणाचं मूळ काढायचं नाही. जो काढेल तो प्राणाला मुकेल. त्या कायद्याच्या आड नांत्वी पन्नास वर्षं सुखाने झोपला. डान्सोचं नाव पुढे आलं तेव्हाही तो गप्प राहिला. कायदा पाळतोय असं त्याने स्वतःला समजावलं. खरं तर भ्याला होता.

४

सूर्य कलला. सरदारांची सभा वडाखाली बसली होती आणि सगळ्यांत ज्येष्ठ सरदार ओफोसू घाई करत होता. डान्सोला त्याने आपली मुलगी दिली होती, त्यामुळे राजाचा सासरा व्हायचं त्याचं स्वप्नही त्या पेराबरोबर तुटलं होतं.

"सुरी बाफोची, राज्याचा लोभ बाफोला, आणि भिंत कमरेएवढी. आणखी काय हवं, ओक्यामे? सूर्य काय तुमची वाट बघत थांबणार आहे?"

"एक घोट पाणी पिऊ दे," नांत्वी म्हणाला. "मग बोलतो."

सभा घटकाभर उठली. सतरा सरदार आपापल्या आसनांवरून उभे राहिले आणि सतरा जणांनी, गप्पा मारता मारताच, खाली न बघता आपापलं आसन कुशीवर आडवं केलं. रिकामं आसन उभं ठेवलं तर एखादा भटका आत्मा त्यावर बसतो, हे तिथलं तान्हं पोरही जाणतं. नांत्वीनेही उठता उठता आपलं आसन आडवं केलं आणि त्याचा हात तिथेच थिजला.

पाणी न पिताच तो डान्सोच्या खोलीत गेला. अच्या घरी गेली होती. डान्सो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

नांत्वी वाकला. आसन कुशीवर, नीट भिंतीला टेकवलेलं. बसायची बाजू स्वच्छ, तिच्यावर रक्ताचा ठिपका नाही. वरच्या अंगाला आलेल्या कुशीवर मात्र तीन थेंब, वरून पडलेले, वाळून काळे झालेले. मग त्याने पलंगाची कड पाहिली. लाकडात सुरीची एकच खाच होती, सरळ आणि खोल. मागून धरलेला, धडपडणारा माणूस इतका नेमका हात ठेवत नाही.

"डान्सो," तो म्हणाला, "तू उठलास. आसन आडवं केलंस. आणि मग बोट तुटलं. वैरी काय तू आसन आडवं करेपर्यंत थांबला होता?"

डान्सो भिंतीकडे आणखी सरकला.

"सवयीने केलंस. मीही तेच केलं असतं. म्हणून तर मघाशी दिसूनही कळलं नाही मला."

डान्सो उठून बसला. चेहरा रडून सुजला होता. "मला वाटलं, म्हणतील कुणीतरी भिंतीवरून आला आणि पळाला. चार दिवस शोधतील, मग विसरतील. बाफोचं नाव येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, ओक्यामे!"

"त्याच्याच सुरीने कापलंस, आणि डोक्यात आलं नाही?"

"दुसरं पातं मिळालं नाही. आणि मावशीने लगेच शपथ घातली. मग माझी जीभच उचलेना. तेव्हापासून मी ती साखळी ऐकतोय. दर वेळी वाजली की मला वाटतं, उठावं आणि सांगावं."

"मग का नाही सांगत?"

"विचारतील, का केलंस. मग काय सांगू?" डान्सोने वर पाहिलं. "तुम्ही नावं शिकवलीत त्या दुपारी ताडी जमिनीवर ओतलीत आणि पूर्वजांना बोलावलंत. मग म्हणालात, अन्सा, तिवाच्या पोटी. कारिकारी, फोफीच्या पोटी. अकरा नावं, अकरा वेळा 'पोटी'. आणि माझ्या आईपाशी आलात तेव्हा थांबलात, आणि म्हणालात, अच्या, सापोमाच्या मांडीवर."

नांत्वीला ती दुपार आठवली. पूर्वज समोर असताना खोटं बोलायला जीभ वळली नव्हती, म्हणून त्याने शब्द बदलला होता. वाटलं होतं, कोण एवढं लक्ष देतंय. आयुष्यभर शब्दांवर जगलेल्या माणसाने ही चूक केली होती.

"पोटचं नसून मांडीवर येतं ते बाहेरून विकत आणलेलं मूल. दुसऱ्याच्या वंशाच्या आसनावर मी कसा बसू?" डान्सो म्हणाला. "आणि नको म्हणायचं तर कारण द्यायला हवं. नानांच्या सोबतीला गावी पाठवायला माणसं अजून निवडतायत, ओक्यामे. विकत आणलेली माणसं. आईचं कळलं तर तिला कुठल्या रांगेत उभं करतील?"

बाहेर सभेचा ढोल वाजला.

५

नांत्वीने सभेपुढे सगळं उलगडून सांगितलं. आसन, त्याच्या कुशीवरचे तीन थेंब, पलंगाची खाच, नखांसाठी मागून घेतलेली सुरी. दोन सरदार जाऊन पाहून आले आणि मान हलवत बसले. साखळीतला बाफो आ वासून ऐकत होता.

"म्हणजे याने स्वतःच?" ओफोसू उसळला. "चालत आलेलं राज्य कोण लाथाडतं? कारण काय?"

डान्सो उभा राहिला. "सांगतो. माझी आई..."

नांत्वीने काठी जमिनीवर इतक्या जोरात आपटली की पक्ष्यावरचा पत्रा निखळला.

"आईला मधे आणू नकोस! कारण मी आहे."

मागे बायकांत अच्या उभी होती, हे त्याला दिसत होतं.

"नावं शिकवताना मी याला सांगितलं की पूर्वजांनी ताडी नाकारली. म्हटलं, तू आसनावर बसलास तर वर्षाच्या आत तुझी आई मरेल. मी खोटं बोललो. पोर घाबरलं आणि त्याने आईसाठी बोट कापलं."

"पण का?" अन्टविवाने विचारलं. तिचा आवाज अगदी हळू होता.

"मला बाफो राजा व्हायला हवा होता."

इतकं सोपं खोटं त्याने आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. सभा खवळली. ओफोसू ओरडू लागला की मग डान्सोचा वैरी हाच, शपथ याच्यावर पडते, याचंच डोकं उतरवा. डान्सो काही बोलायला पुढे झाला. नांत्वीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो जागीच थांबला.

राजमाता बराच वेळ नांत्वीला न्याहाळत होती. त्याला वाटलं, हिला कळलंय. किती कळलंय, ते मात्र समजेना.

"शपथ माझी आहे," ती शेवटी म्हणाली, "तिचा अर्थही मीच लावणार. राजाचं तोंड म्हणजे नांत्वी नव्हे, ती काठी. डोकं तिचं पडेल. आणि नांत्वी या सभेत पुन्हा तोंड उघडणार नाही."

बाफोच्याच सुरीने पक्ष्याचं डोकं उतरवलं. सूर्य तेव्हा हातभर वर होता.

तिसऱ्या दिवशी बाफो आसनावर बसला. अंगाला खोट नाही, आणि खरोखर त्याच वंशाचा. राजा होताच त्याने नांत्वीकडे मेंढी आणि ताडीचा घडा पाठवला. 'तुम्हाला मी हवा होतो, हे विसरणार नाही,' असा निरोप होता. नांत्वीने मेंढी ठेवून घेतली. परत पाठवली असती तर कारण सांगावं लागलं असतं.

गावातल्या लोकांनी त्याच्या दारावरून जाणं सोडलं. डान्सो बायकोला घेऊन लांबच्या शेतावर राहायला गेला. एका दुपारी अच्या आली. अंगणात न शिरता ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"माझ्या लेकाचं आसन खाल्लंस," ती म्हणाली. जन्मभर 'ओक्यामे' म्हणणारी ती बाई आज त्याला अरे-तुरे करत होती. "त्याला माझ्या मरणाची भीती घातलीस. माझ्या!"

"चुकलं माझं, अच्या."

"लहानपणचं मला एकच आठवतं." तिने रस्त्याकडे बोट केलं. "कुणाच्या तरी खांद्यावर बसून मी लांबून, खूप लांबून येत होते. ऊन होतं. तो माणूस मला केळ्याच्या पानाची सावली धरत होता. आई म्हणायची, तो नांत्वी होता, जत्रेहून आणत होता तुला. मी जन्मभर तुला त्या सावलीमुळे मानलं. असा माणूस माझ्या पोराच्या वाईटावर कसा उठेल? खरं काय ते सांग. तू बाफोसाठी नाही केलंस. मग कशासाठी केलंस?"

नांत्वीने तोंड उघडलं. राजाच्या मनातलं न बोललेलंही सभेला समजावून सांगणाऱ्या त्या माणसाने तिच्यापुढे पुन्हा तेच खोटं काढलं.

"बाफोसाठीच," तो म्हणाला.

अच्या त्याच्या दारात थुंकली आणि वळली. ती रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत म्हातारा खाली मान घालून बसून राहिला.